काकीचं अर्धं उत्तर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही — आणि जिच्यापाशी सर्वांत आधी बोलायला हवं होतं, त्या काकीपाशी तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. म्हणजे हाही भित्रेपणाच.

माझं काम ऐकायला भारदस्त आहे. एखाद्या गरीब देशाला जागतिक व्यापाराच्या पंगतीत बसायचं असलं, की आधी बसलेले देश अटी घालतात — आमच्या मालावरची जकात उतरवा, मग आत या. कुठली अट मानावी आणि कुठे अडून बसावं, हे त्या गरीब देशाला सांगणारा सल्लागार मी. मूळचा वेल्ह्याच्या डोंगरातला. गावात अजून काही जणांना वाटतं, मी परदेशात जकात नाक्यावर असतो.

असाच एक लहानसा डोंगराळ देश होता. त्यांच्या वाटाघाटी एक अधिकारी बाई करायच्या. सगळं जुळलं, अडलं ते खाद्यतेलावर. त्यांच्या डोंगरातल्या बायका तेलबिया पिकवत. बाहेरचं स्वस्त तेल आलं तर त्यांनी करायचं काय? मी म्हणत होतो, तेलावरची जकात राखायचा हट्ट सोडा. त्यांच्या मंत्र्यांनाही मी तसंच छातीठोकपणे सांगून बसलो होतो. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे स्वस्त तेल आलं तेव्हा काय झालं, ते मला दाखवा.

मी रुबाबात त्यांना घरी आणलं. हायवे सोडून नसरापूरवरून आत वळलो, तोवर मला काळजी नव्हती. काकी स्वस्त तेलाचं कौतुकच करेल असं मी धरून चाललो होतो. काकीनं उमेदीची सगळी वर्षं डोंगरउतारावर खुरासणी पेरली होती. त्या काळ्या बियांचं घाण्यावर काढलेलं तेल आम्ही घरी खायचो, उरलेलं विकायचो. बाईंनी विचारलं. दुभाषा मीच.

"तेल सस्त झालं, व्हय," काकी म्हणाली. "पोरास्नी तळल्यालं खाया मिळालं. पन आमची खुरासणी कुनी घीना. घाणा बंद पडला, डोंगार पडीक ऱ्हायला, पोरं पुन्याला गेली कामाला. ह्या बाईस्नी म्हनावं, एकदम नगा येऊ दिऊ. जरा दमानं."

आणि मी — मी इंग्रजीत सांगितलं, तेल स्वस्त झालं, मुलांना चांगलंचुंगलं मिळालं, तरुण पोरं पुण्यात कामाला लागली.

शब्द न् शब्द खरा होता. विसरलो नव्हतो मी, गडबडलोही नव्हतो. "दमानं" एवढं एक जरी पुढे गेलं असतं, तरी बाईंनी जकात हळूहळू उतरवायला मुदत मागून घेतली असती. पण मग मंत्र्यांपुढे माझा सल्ला चुकीचा ठरला असता. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

बाईंनी काकीचे दोन्ही हात हातात घेतले. परत गेल्यावर त्यांनी तेलाचा आग्रह सोडला, देश आत गेला, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

काही वर्षांनी एका बैठकीत त्या पुन्हा भेटल्या. डोंगरातले घाणे थांबत चाललेत म्हणाल्या. मला बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, तुमच्या काकी खोटं बोलतील असं वाटलं नव्हतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मला काकीची लाज वाटतेय.

इकडे काकी गावभर सांगते, परक्या मुलखातल्या सरकारनं माझं ऐकलं. मी घरी गेलो की दर वेळी विचारते, "त्या बायांची शेती ऱ्हायली का रं?"

"ऱ्हायली, काकी," मी म्हणतो. ती समाधानानं चहा टाकायला उठते, आणि मी तो पितो.