दाराजवळची मशीन

आमचे हे पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाले आणि त्याच वर्षी मी नोकरीला लागले. उलटंच झालं, पण झालं. हथखोजला, कारखान्यांच्या वस्तीत, एका शेडमध्ये हातमोजे शिवायचं काम चालायचं. जाड कापडाचे, तळव्याला चामडं लावलेले, गरम लोखंड उचलणाऱ्या कामगारांसाठी. आम्ही बारा जणी. मला लिहिता-वाचता बरं येत होतं म्हणून मालकानं सुपरवायझर केलं. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं हे काही कोणी शिकवलं नाही. घरी पोरांवर ओरडायची सवय होती, तीच तिथं नेली.

त्यात जामुल गावची एक जण होती. हात इतका साफ की नवीन बायकांना मी तिचीच शिवण दाखवायची. नवऱ्याचा हात भट्टीवर भाजलेला, तो घरी बसून. घर हिच्या मशीनवर चालत होतं. एक दिवस तिनं तळवा शिवला, चारही बोटं शिवली आणि मोजा तसाच बाजूला ठेवला.

"अन् अंगठा?" मी विचारलं.

"अंगठा मी नाही शिवत, बाई."

"कावून?"

"सांगतलं ना तुमाले."

मला काही आठवेना. सगळ्या कान देऊन बसलेल्या, म्हणून मी आवाज चढवला. "तू का कलेक्टर लागून गेली?" तिनं मान खाली घालून दुसरा मोजा घेतला.

मग मी हुशारी केली. तिचे अंगठे शेजारच्या बाईला दिले. दोन दिवसांत ती उखडली. "हिचे अंगठे मी कावून शिवू? उद्या मी करंगळी सोडून देतो, चालन का?" सगळ्या हसल्या. माझा राग मात्र जामुलवालीवर. तिची मशीन उचलून दाराजवळ नेऊन ठेवली, जिथं अकरापासून ऊन यायचं. वाटलं, तापली की येईल वठणीवर. ती पदर डोक्यावर घेऊन शिवत राहिली. अंगठा सोडून.

शनिवारी मालकाच्या कानावर गेलं. "मॅडम, लिखकर दो कि काम नहीं करती. सोमवार से बंद." नवा दोरा आल्यापासून माल भराभर निघत होता, त्यात हा अडथळा त्यांना नको होता. मी कोरा कागद आणि तिचा एक मोजा पिशवीत टाकून सेक्टर दोनला, घरी आले. त्या मोज्याचा अंगठा तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं आधीच लावलेला होता.

रविवारी सकाळी पोळ्या करून झाल्या, तवा उतरवायचा होता आणि सांडशी सापडेना. मोजा घातला नि तवा धरला. प्लास्टिक जळल्यासारखा वास आला. अंगठ्याची शिवण तेवढी बाहेरून असते, बाकी सगळी आतून; तीच तव्याला टेकली होती. दोरा आकसून त्याचे मणी झाले, अंगठा उघडा पडला. तवा ओट्यावर आदळला. मला थोडंच भाजलं.

हात नळाखाली धरला तेव्हा आठवलं. नवा दोरा आला त्या दिवशी ती माझ्याजवळ आली होती. "बाई, हा नायलॉन हाये, वितळते. पहिलेचा सुती बरा होता." आणि मी म्हटलं होतं, "तू मशीन चालव, दोऱ्याचं मालक पायतील." सुती दोरा सारखा तुटायचा, हा तुटत नव्हता, मी खूश होते. मालकाला काही सांगितलंच नाही.

सोमवारी कागद कोराच नेला, जळका मोजा मालकापुढं ठेवला आणि तव्याचं सांगितलं. मालकानं मोजा उलटून पालटून पाहिला. "ये तो रोटी का तवा है, मॅडम. पार्टी ने तो शिकायत नहीं की."

मी म्हटलं, "आप पहनो. मैं तवा गरम करके लाती हूँ."

त्यांनी मोजा टेबलावर ठेवला. जरा वेळानं सुती दोरा मागवायला फोन केला. गोदामात नायलॉनच्या मोज्यांची तीन पोती भरलेली होती. त्यांचे अंगठे उसवायचं काम माझ्या माथी आलं.

मी जामुलवालीकडे गेले. माफी मागायचं तोंडावर आलं होतं, पण बाकी दहा जणी बघत होत्या. नुसतं म्हटलं, "चल, तुही मशीन आत घेऊ."

"राहू द्या. इथं वारा लागते."

ऊन तर तिच्या मांडीवर आलं होतं. मी एक पोतं तिथंच ओढलं, खाली बसले आणि अंगठे उसवायला लागले. थोड्या वेळानं तिनं मशीन थांबवली, माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि ब्लेड दिलं. "कातरीनं कापड कापते, बाई. असं करा."

तिनं दाखवलं तसं मी करत गेले.