मी उघडतंय, तू बंद कर

२७ मे. पावसापूर्वी इंजिनं बांधून ठेवायचं काम चालू आहे. होड्यांची मागची इंजिनं उतरवायची, गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतलं खारं पाणी धुऊन काढायचं, तेल बदलायचं, ग्रीस भरायचं आणि गोणपाटात गुंडाळून आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये टांगायची. आज होडीवाल्या बबनचं दुसरं इंजिन घेतलं. गिअरचा खालचा स्क्रू काढला तर तेल चहासारखं आलं, दूध घातलेल्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं.

कसं गेलं ते शोधावं लागलं नाही. फेब्रुवारीत हे तेल मीच बदललं होतं. त्या स्क्रूखालचा वॉशर दर वेळी नवा घालायचा असतो. त्या दिवशी नवे संपले होते, पर्यटक लाइफ जॅकेटं घालून वाळूत उभे होते आणि बबन दर दोन मिनिटांनी हाक मारत होता. जुनाच लावला. उद्या बदलू म्हटलं, आणि विसरले.

गिअरचे दात शाबूत आहेत. एका बेअरिंगवर गंजाचे ठिपके आहेत. ते बदललं, नवं तेल घातलं, की बबनला कधीच कळणार नाही. सांगितलं तर तो इंजिनं उचलून शहरात नेईल. एकदा नेलीच होती. आमच्या देवबागात बबन गेला की त्याच्या मागून आणखी दोघे जातात, हेही मी पाहिलं आहे, आणि तशा दुसऱ्या फटक्यात ही शेड टिकणार नाही.

गुण्याकाका असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न मला पडत नाही. ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर स्क्रू तसाच ठेवून, हात धुऊन लिहायला बसले आहे.

गुण्याकाका डोळ्यावर विश्वास ठेवत नसत. सुतार काटकोन बघायला गुण्या वापरतात, तसा वीतभर पोलादी गुण्या त्यांच्या मागच्या खिशात कायम असे. लग्नाला जाताना नव्या पँटीतही असे. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा आत येण्याआधी त्यांनी दाराच्या चौकटीला गुण्या लावला. "दोन सूत भायर आसा. पावसात दार अडाकतला." मला राग आला. जुलैत दार अडकलं. गाव त्यांना मागे 'गुण्यो' म्हणायचा आणि समोर 'गुण्याकाका'. त्यांना दोन्ही चालायचं. "डोळो फसयता, गुण्यो फसवणा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काका फौजेतले मेकॅनिक. गाव कुडाळकडचं, समुद्र न दिसणारं. घरी भात आणि काजू. भरतीला गेले ते बंदूक धरायला. तिथे विचारलं, मेकॅनिकमध्ये जाशील का? मेकॅनिक म्हणजे गाडी चालवायला मिळणार असं वाटून ते हो म्हणाले. सकाळी कवायत, दुपारी वर्कशॉप. वर्कशॉपात पहिल्या दिवशी हातात आली ती कानस आणि मुठीएवढा लोखंडाचा तुकडा. तो सहाही बाजूंनी काटकोनात घासायचा. उस्ताद तुकड्याला गुण्या लावून खिडकीकडे धरायचे. मधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली की "रोशनी आ रही है" एवढंच म्हणायचे आणि तुकडा भंगारच्या डब्यात टाकायचे. मग नवा तुकडा. "चार म्हयने, गो," काका सांगायचे. "इंजिन खंय, साधो पानो पण हातात दिल्यानी नाय. घराक पत्र धाडलंय, हंय माका लोहार करतत म्हणान."

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे त्यांनी माझंही तेच केलं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. आमच्या दोन होड्या पर्यटकांना फिरवायच्या, घरी चार खोल्या पाहुण्यांना. ऐन हंगामात इंजिन बंद पडायचं आणि शहरातला मेकॅनिक रोज "उद्या येतो" म्हणायचा. फौजेतून निवृत्त झालेले काका बायकोच्या माहेरच्या जागेत, आमच्यापासून चार माड सोडून राहायला आलेले. मी सरळ गेले आणि म्हटलं, मला शिकवा. त्यांनी कानस दिली आणि लोखंडाचा तुकडा.

"काका, माका इंजिन शिकूचा आसा. खिडकेचे गज करूचे नाय."

"म्हयन्यान ये," ते म्हणाले.

महिन्याचे दोन महिने लागले. पाहुण्यांची जेवणं उरकली की मी मागच्या पडवीत घासत बसायची. नवरा म्हणायचा, "आता ता आमटेत घाल. मऊ तरी होयत." आठ तुकडे भंगारात गेले. नवव्याला काकांनी गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि शेजारचा पान्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. शाबासकी म्हणून तेवढंच मिळालं. पण त्या दोन महिन्यांत मी एक शिकले होते: घाई केली की कानस डुगडुगते, कोपरा पडतो, आणि पडलेला कोपरा परत भरून येत नाही.

फौजेतल्या, बर्फात काढलेल्या वर्षांबद्दल ते फार बोलत नसत. बोलले तर फक्त नटांबद्दल. उघड्या हाताने नट धरला की तो कातडीला चिकटायचा, ओढला की कातडी घेऊन यायचा. हातमोजे घालावेत तर नटातून बारीक पिन ओवता येत नाही. पिन ओवायला मोजा काढावाच लागे. तशा कितीतरी पिना त्यांनी ओवल्या, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्या थंडीत कायमची बधिर झाली. त्यांच्या तुकडीत एक रीत होती. घाटात उतरणारी गाडी ज्याने दुरुस्त केली, त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. "मगे माणूस पिन इसरणा नाय," काका म्हणायचे.

ती रीत त्यांनी देवबागात आणली आणि स्वतःचे हाल करून घेतले. कारण काकांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भयंकर भीती. तरीही दुरुस्त केलेल्या प्रत्येक होडीत पहिली फेरी त्यांचीच. जॅकेट ते घरूनच घालून निघत, वाटेत भेटेल त्याला नमस्कार करत. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटायला लागल्या की डोळे मिटून फळी घट्ट धरून बसत, पण कान इंजिनाकडे. परत आले की मासे निवडणाऱ्या बायका टपलेल्याच असत.

"काय काका, दर्यान सलाम केल्यान की नाय?"

"सलाम वर्दीक करतत. माझी वर्दी उतारली."

"आणि तोंडाचो रंग खंय उतारलो?"

काका हसत नसत. वाळूत बसून मला सांगत, कितव्या लाटेला इंजिनाचा आवाज कुठे बदलला.

बिघडलेल्या कुठल्याही गोष्टीला ते 'ऑफ रोड' म्हणत. फौजेत नादुरुस्त गाडीला तसंच म्हणतात. पंखा ऑफ रोड, गावची नळयोजना ऑफ रोड, काकी तापाने पडल्या की "आज मंडळी ऑफ रोड." एके दिवशी मला म्हणाले, "सुलू, माझो डावो डोळो ऑफ रोड जाता." मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. "हंगाम संपान दी," ते म्हणाले. मी तेव्हा आग्रह धरला नाही. धरायला हवा होता.

त्याच हंगामातली गोष्ट. बबनच्या होडीच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंतला म्हणून मी पंखा उतरवायला घेतला. पंख्याचा नट सुटू नये म्हणून त्यातून आडवी पिन ओवलेली असते. पिन नव्हती. ते इंजिन दोन दिवसांपूर्वी काकांनी दुरुस्त करून, पुन्हा जोडून बंद केलं होतं आणि स्वतः पहिली फेरीही मारली होती. त्यानंतर दोन दिवस बबन त्या होडीतून माणसं नेत होता, खाडीच्या तोंडापर्यंत. तिथे पंखा गळून पडला असता तर होडी लाटांना आडवी झाली असती, आणि पुढचं सांगायला नको.

मी नवी पिन घातली आणि काकांकडे गेले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून सांगितलं. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. पिन तिथेच होती. ती नटात नाही हे डोळ्याला दिसलं नव्हतं आणि बोटांना कळलं नव्हतं.

"कोणाक सांगू नकात," मी म्हटलं. "मी घातलंय पिन. झाला."

ते उठले, चप्पल घातली आणि संध्याकाळी होडीवाले वाळूत बसतात तिथे गेले. मी मागोमाग. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, बबनच्या इंजिनाची पिन माझ्याकडून राहिली, दोन दिवस राहिली. डोळा गेलाय, बोटं गेलीत. आजपासून इंजिन मी उघडणार, बंद करणार ही.

बबन माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे माझा इंजिन आता वैनी बंद करतली?"

"व्हय."

"काका, तुमच्याकडसून चूक जाता, तर वैनीकडसून काय काय जायत?"

"तिच्याकडसून गेली तर ती सांगतली," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बबनने दोन्ही इंजिनं शहरात नेली. आठवड्यात आणखी दोघांनी नेली. शेडमध्ये आमची दोन आणि रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याचं एक, एवढीच राहिली. मी काकांवर मनापासून चिडले. म्हटलं, "गप्प ऱ्हवला असतात तर चल्ला असता."

"चल्ला असता," ते म्हणाले. "इंजिन पण चल्ला पिनेशिवाय. दोन दीस."

मी पान्यांचा डबा आवरायला घेतला.

पुढची दोन वर्षं आम्ही तसंच काम केलं. ते स्टुलावर बसून इंजिन उघडत, एकेक भाग फडक्यावर ओळीने मांडत, आणि म्हणत, "मी उघडतंय, तू बंद कर." उघडताना ते बोलत, मी बंद करताना एक शब्द नाही. मध्येच मी वर बघितलं तर म्हणत, "माका काय बघतस? पिनेक बघ." पहिल्या फेरीला मी होडीत बसायची. ते जॅकेट न घालता वाळूत उभे राहून कान देत. बायकांनी त्यावरही त्यांना सोडलं नाही. "काका आता दर्याक घाबरणत नाय, लांबसून," असं म्हणत.

गेल्या श्रावणात ते गेले. अंथरुणाला फार खिळले नाहीत. जाण्याच्या चार दिवस आधी मी पेज घेऊन गेले होते. काकींनी उशी नीट केली. त्यांनी विचारलं, "बबन इलो?"

"नाय."

"येतलो. शहरातलो तेका रोज 'उद्या' सांगता." मग म्हणाले, "इल्यावर घाई करू नको."

बबन दिवाळीनंतर आला. दोन्ही इंजिनं टेम्पोतून उतरवली आणि शेडकडे न बघता म्हणाला, "वैनी, बघ जरा." त्याच्यामागून ते दोघेही आले. आणि मी फेब्रुवारीत घाई केली.

एवढं लिहून झालं. फडक्यावर तो जुना वॉशर पडला आहे, चपटा झालेला, एका बाजूने फाटलेला. तो स्क्रूखाली लावताना मला दिसला होता. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत आणि दहाही बोटं. काकांना निदान कारण होतं.

२८ मे. सकाळी सातला बबनकडे गेले. तो अंगणात होडीचा दोर गुंडाळत होता. उभ्या उभ्याच सांगितलं: तुझ्या दुसऱ्या इंजिनात पाणी गेलं, जुना वॉशर मी लावला होता, बेअरिंग गंजलं आहे, ते मी बदलून देते.

त्याने दोर गुंडाळायचं थांबवलं नाही. "कोणी बघल्यान?"

"कोणी नाय."

"मगे गप्प ऱ्हवली असतीस तर माका खंय कळला असता?"

"नाय कळला असता."

दोराचं वेटोळं संपलं. त्याने ते खुंटीला अडकवलं, हात झटकले. मी उभीच होते. इंजिनं कधी न्यायला येतोस, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

"बंद करताना माका बोलव," तो म्हणाला. "मी बाजूक बसान बघतलंय."

"तीन वाजता ये. आणि मधी बोलू नको."

मग नऊच्या गाडीने मालवणला गेले. बेअरिंग घेतलं. दुकानदाराने विचारलं, वॉशर किती देऊ, एक की दोन? मी अख्खा पुडा घेतला.