सांचीला वीस मिनिटं

फोन आला तेव्हा मी सिहोऱ्याच्या आमच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होतो. खाली बांधीत, धानाच्या खाचरात, रोवणा चालू होता, बाया वाकून धानाची रोपं लावत होत्या, आणि माझ्या डोक्यात मात्र मध्य प्रदेशातले रस्ते फिरत होते. आदल्याच संध्याकाळी माझ्या व्याह्यांशी, वासुदेवरावांशी, माझा फोनवर चांगला वाद झाला होता. मेळघाटातला वळणावळणांचा रस्ता सहलीच्या पहिल्याच दिवशी उरकायचा, हा त्यांचा हट्ट. तो परतीला ठेवायचा, हा माझा. "उद्या बोलू, इवाई," म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. त्यामुळे सकाळी साकोलीहून माझ्या मुलीचा, प्रणालीचा, फोन आला तेव्हा मला वाटलं, मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सुनेला मध्यस्थ केलं. मी तिला बोलूच न देता सांगून टाकलं, "सांग त्यायले, मेळघाट शेवटीच राहीन." ती म्हणाली, "बाबा, मामाजी राहिले नाही. चहा पीत होते सकाळी, कप खाली ठेवला अन्..." पुढचं तिला बोलता आलं नाही. आणि मला, खरं सांगतो, तेवढ्यातही वाटून गेलं की वाद अर्धा राहिला. स्वतःच्या या विचाराची लाज वाटते, पण आला तो आला.

आज दीड महिना होऊन गेला. माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळं स्पष्ट होत जातं, असं लोक लिहितात. माझं उलट झालं आहे. वासुदेवराव होते तेव्हा ते मला सरळ रेषेसारखे दिसत होते, आता रोज नवं वळण सापडतं. तीन वर्षं आम्ही एका सहलीची आखणी केली आणि एक दिवसही गेलो नाही. मला फक्त एवढंच कळून घ्यायचं आहे, की या माणसाला माझ्यासोबत जायचं होतं की नव्हतं?

वासुदेवराव माझे व्याही. आमच्या झाडीपट्टी भागात व्याह्याला इवाई म्हणतात आणि इवायाशी बोलताना जीभ जरा आवरून बोलतात. त्यात मी मुलीचा बाप. त्यांच्या निलेशशी प्रणालीचं लग्न लागलं तेव्हा मी या गृहस्थांचे पाय धुतले होते. ते बिचारे पाय मागे ओढत होते, मी पुढे ओढत होतो आणि परातीतलं अर्धं पाणी माझ्या नव्या धोतरावर सांडलं होतं. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. साकोली, लाखांदूर आणि अधूनमधून तुमसर, एवढंच त्यांचं जग. मी भूमापक होतो, म्हणजे लोकांच्या बांधांवर साखळी ओढणारा. दोघंही निवृत्त, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे आणि दोघांनाही घरात बसवेना.

सहलीचं बीज त्यांच्याच एका वाक्यातून पडलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मुलीला आणायला साकोलीला गेलो होतो. ओसरीत बसून ते म्हणाले, "इवाई, जनमभर गाडी चालवली, पण पाहिलं काय म्हनसान तं डांबर. बाहेर काय दिसते ते पाशिंजरले माहीत. आपल्याले समोरचा काच." हसत हसतच म्हणाले, पण मला ते लागलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, जाऊ ना! दोघं आणि दोघांच्या घरच्या. बैतूल, भोपाळ, सांची, उज्जैन, मांडू, महेश्वर, बुऱ्हाणपूर आणि मेळघाटातून अचलपूरवरून परत. जुनी शहरं पाहायची आणि मधली खेडीपाडी, तळी, शेतं पाहत सावकाश जायचं. त्यांचे डोळे असे चमकले की गयाबाई विहीणबाई आतून विचारत्या झाल्या, "काय झालं बाई एवढं?"

मग दर दुसऱ्या रविवारी बैठक. मी नकाशा काढला, अगदी प्रमाण वगैरे टाकून, उत्तर दिशेचा बाण दाखवून. त्यांनी काढलं वेळापत्रक. डेपोत लावतात तसं. गावाचं नाव, आगमन, थांबा, निर्गमन. त्या कागदावर बैतूलला थांबा दहा मिनिटं, भोपाळला अर्धा तास आणि सांचीला चक्क दहा मिनिटं होती!

"इवाई, दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप आहे तो," मी म्हटलं. "दहा मिनिटांत काय पाहणार?"

त्यांनी बराच विचार केला. "मंग वीस करा," म्हणाले. "पण त्याच्यावर नाई. पुढची गाडी खोळंबते."

पुढची कोणती गाडी, हे मी विचारलं नाही. मोबाइलमधला नकाशा दाखवला तर त्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. "ते बाई सांगते म्हणून वळू नका. तिले बैलगाडी माहीत नाई," असं त्यांचं मत. पण कागद त्यांनी जिवापाड जपला. प्रत्येक बैठकीत थांबे वाढत गेले. एका रविवारी तर "इथं काही नाई, पण तळं मोठं दिसते" म्हणून त्यांनी एका अनोळखी खेड्याला पाऊण तास दिला. तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता खरंच निघणार.

गाडी माझी. निवृत्तीनंतर घेतलेली, जुनी, पांढरी. चालवायला मी एकसष्टाव्या वर्षी तुमसरला शिकलो आणि कसा चालवतो ते आमच्या हिला विचारा. सिहोऱ्याहून सकाळी निघालो की साकोलीला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळायची. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं बस हाकलेला माणूस घरात आणि सहलीत चालवणार मी! हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल. पण माझ्या जागी उभं राहून बघा. ज्यांचे पाय धुतले, त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवून आपण शेजारी हवा खात बसायचं? मुलीच्या सासऱ्याला? आमच्या पट्टीत हे ऐकलं तर लोक तोंडावर नाही, पण पाठीमागे नक्की हसतील. शिवाय त्यांचं ते डांबराचं वाक्य माझ्या मनात होतंच. या माणसाला एकदा तरी खिडकीतून बाहेर बघत बसू दे, अशी माझी फार इच्छा होती. म्हणून मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "गाडी मीच चालवणार. तुम्ही फक्त पाहायचं." ते म्हणाले, "हाव ना, हाव ना." दोनदा म्हणाले.

सराव म्हणून एका रविवारी मी त्यांना लाखांदूरच्या रस्त्याने नेलं. त्यांचाच रस्ता, डोळे मिटून सांगतील असा. मी घाबरलो होतो आणि घाबरलो की माझं बोलणं वाढतं. सांचीबद्दल काहीतरी सांगत होतो, तेवढ्यात एका गावाजवळ समोरून ट्रॅक्टर आला. मी बाजूला घेतलं, जरा जास्तच घेतलं, आणि गाडीची दोन चाकं धुऱ्यावरून उतरून बांधीत. धानाचं उभं पीक. दोघांनाही काही लागलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने उतरून वासुदेवरावांना ओळखलं, "भाऊ, तुमी?" म्हणाला आणि मग माझ्याकडे बघायला लागला. वासुदेवराव खाली उतरले, चिखलात उभे राहिले, चाकं पाहिली आणि मला म्हणाले, "छान चालवता, इवाई. रस्ताच लहान आहे." ज्या रस्त्याने त्यांनी दिवसातून चार चार वेळा बस नेली, तो रस्ता लहान!

त्यानंतर दिवस ढकलणं सुरू झालं. आमच्याकडे सहलीला काळ एकच, खरिपाचं धान घरात आल्यावर आणि उन्हाळी धानाची गडबड सुरू व्हायच्या आधी. नेमक्या त्याच काळात गावोगावी मंडई, म्हणजे आमची जत्रा, असते. दर गावाची वेगळी, पाहुणे घरी येणार, नाटक होणार. पहिल्या वर्षी ते म्हणाले, मंडईत घर सोडून कसं जायचं? पटलं. दुसऱ्या वर्षी थंडी फार. तिसऱ्या वर्षी गयाबाईंचा गुडघा. गयाबाई त्याच दिवशी डोक्यावर मोठी पाटी घेऊन बाजारातून चालत आलेल्या मी पाहिल्या होत्या. मी चिडलो, पण इवायावर चिडायचं कसं? घरी येऊन हिच्यावर चिडलो. ही म्हणाली, "त्यायले जायचंच नसन. तुमीच मागं लागले." आणि तरीही, पुढच्या रविवारी गेलो की त्यांचा कागद उघडलेला, चष्मा लावलेला आणि पहिला प्रश्न, "महेश्वरले घाटावर गाडी उतरते का हो?" ज्याला जायचं नाही तो असे प्रश्न कशाला विचारेल? माझं डोकं चालेनासं व्हायचं.

तेरवीला साकोलीला गेलो. पंगती उठल्यावर प्रणालीने मला मागच्या अंगणात नेलं आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? राग नका मानू. मामाजी तुमच्या गाडी चालवण्याले भेत होते. ते बांधीत गेले ना तुम्ही, तेव्हापासून. मेळघाट पहिल्याच दिवशी काहून म्हणत होते? तर इवाई ताजे असतीन तोवर घाट होऊन जाईन म्हणून."

"मग मला सांगायचं ना! मी चावी दिली असती. आनंदाने दिली असती."

"इवायाले कसं सांगतीन? तुमचा मान गेला असता ना."

मी तिथेच तुळशीजवळच्या दगडावर बसलो. मला गाडी चालवायची भीती वाटत होती आणि त्यांना मी चालवायची भीती वाटत होती. चावी एका हातातून दुसऱ्या हातात गेली असती तर दोघंही सुटलो असतो. तीन हिवाळे आम्ही एकमेकांचा मान सांभाळत बसलो. मला हसू येत होतं की रडू, ते अजूनही ठरत नाही.

पण गोष्ट इथेही संपेना. गयाबाईंना भेटायला आत गेलो. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "विहीणबाई, माझंच चुकलं. मी त्यांना चालवू द्यायला पाहिजे होतं." त्यांनी मान हलवली. "चालवू कसं देता? त्यायले डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, दोन वर्सं झाली. घरात कोणाले सांगू देलं नाई. मले म्हणत, इवायानं चावी हातात देली तं काय सांगू? ड्रायव्हर माणूस मी, आंधळा झालो म्हणू?" आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

आता सांगा. लेक म्हणते, ते माझ्या चालवण्याला भीत होते. त्यांची बायको म्हणते, मी चावी त्यांच्या हातात देईन, याला भीत होते. दोन्ही खरं असेल? की या वयात जाणंच नको होतं आणि दोघींना दोन कारणं सांगून त्यांनी वेळ मारून नेली? बांध कुणाचा, हे मी आयुष्यभर हद्दीचे दगड शोधून सांगत आलो. इथे मला एकही दगड सापडेना. मी त्यांना खिडकीचं सुख देतोय म्हणत त्यांच्या मागे लागलो होतो की माझीच हौस भागवत होतो, हेही कळेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्याशी घाटावरून भांडलो होतो.

निघायच्या वेळी निलेश, माझा जावई, गाडीपर्यंत सोडायला आला. त्याची धान वाहायची छोटी गाडी फाटकाशी उभी होती. मी सहज म्हटलं, "बाबांना यात बसणं जमायचं का हो?" तो हसला, मग त्याचा आवाज फिरला. "रोज बसत होते. धान घेऊन मिलमध्ये जाताना मागं लागायचे, मले घे म्हणून. अन् शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन, मांडी घालून बसत. एवढ्याशा जागेत! मी म्हटलं, बाबा, पाय खाली सोडा, अवघडतीन. तर म्हणे, पाय खाली असला का आपोआप ब्रेक शोधते. इवायाले दिसलं तर वाईट वाटन त्याले. चूपचाप बसायची सवय करून राहिलो." निलेश थांबला. "गेले त्याच्या आदल्या दिवशी लाखनीपर्यंत गेलो आम्ही. परत येताना पाय खाली सोडून बसले अन् खुश होते. म्हणे, आज एकदाही पाय हलला नाही. इवायाले सांग, या वर्सी पक्कं. मग म्हणे, नाही, मीच सांगतो उद्या."

मी त्या छोट्या गाडीच्या काचेतून शेजारच्या सीटकडे पाहिलं.

एवढ्यात आमची ही निरोप घेऊन आली. येताना ती माझ्या शेजारी बसून आली होती, म्हणून पुढचं दार उघडून ती सवयीने बसायला लागली. मी म्हटलं, "तू मागे बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुढचं दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसली. मी गाडी सुरू केली आणि सिहोऱ्यापर्यंत एकदाही घाई केली नाही.