वैष्णवीचं कार्ड, अस्मिताचा हात

तुम्ही आजारी पडता तेव्हा कुणाच्या नावानं पडता? हसू नका. तळोज्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात पॅकिंगच्या साऱ्या पोरी वैष्णवीच्या नावानं आजारी पडायच्या.

वैष्णवी साताऱ्याकडची. पॅकिंगमध्ये कंपनीच्या पटावर ती एकटीच, म्हणून कामगार विम्याचं कार्डही तिच्या एकटीकडे. बाकीच्या पोरी अरविंदशेठ नावाच्या ठेकेदाराच्या. कुणाला ताप आला की शेठ म्हणायचा, "वैष्णवीचं कार्ड घे अन् जा." वैष्णवी दिलदार, नाही म्हणायची नाही. "कार्डावर मला दोनदा टायफॉइड झालाय," ती सांगायची, "एकदा दिवससुद्धा गेलेत. आता तेवढं लग्नाचं बघा." पोरी पोट धरून हसायच्या.

अस्मिताही हसायची. परभणीकडच्या खेड्यातनं आलेली बाविशीची पोर, सारसोळ्यात वैष्णवीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. घर मागं सुटलेलं, आता आपलं आपण बघायचं. कामावर घेताना शेठनं विचारलं होतं, "विम्याचे पैसे कापू, का पगार पुरता हातात देऊ?" नव्या शहरात आलेली पोर काय सांगणार? पुरता द्या म्हणाली. आता शेठला हे विचारायचा अधिकारच नव्हता. ते कार्ड म्हणजे ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. पण हे तिला सांगणारं कुणी भेटलं नाही.

मेडिक्लेमवाला मात्र भेटला. जयप्रकाश नावाचा विमा एजंट एकदा खोलीवर आला. वर्षाचा हप्ता एकदम भरायचा, इस्पितळात दाखल झालात तर बिल आधी तुम्ही भरायचं, मग विमा कंपनी पैसे परत देणार, असं त्यानं समजावलं. अस्मिता म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" तो चहा पिऊन निघून गेला.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, पिशव्यांची तोंडं गरम पट्टीनं चिकटवणाऱ्या मशीनमध्ये तिचा उजवा हात सापडला. पट्टी वर उचलेपर्यंत तीन बोटं भाजून निघाली.

शेठनं तिला टेम्पोत घातलं आणि वाटभर पढवत राहिला. "टेन्शन नको घेऊ. नाव वैष्णवी सांगायचं. हात कुठं भाजला विचारलं, तर घरी, स्टोव्हवर."

"स्टोव्ह कुठनं आला, शेठ?"

"अगं, वैष्णवी आज मशीनवर हजर आहे ना. कंपनीत भाजला म्हटलं तर ते तिथं चौकशीला येतील, अन् तिचा हात धड दिसेल."

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे अस्मिता बघत राहिली. ताप कुणाच्याही नावावर लिहा, उतरला की संपला. हा हात मात्र तिच्याच खांद्याला राहणार होता.

कामगार विम्याच्या इस्पितळाच्या खिडकीत शेठनं कार्ड सरकवलं. आतला माणूस खाली बघूनच म्हणाला, "नाव?"

"अस्मिता मारोती खिल्लारे."

त्यानं मान वर केली. "इथं तर वैष्णवी लिहिलंय, बाई."

"ते माझं कार्ड न्हाई. माझं शेठनी काढलंच न्हाई. हात कामावर भाजलाय, मशीनमधी."

शेठनं तिला बाजूला घेतलं. "डोकं फिरलं का तुझं? पनवेलला आपला ओळखीचा डॉक्टर आहे. सगळा खर्च माझा. चल."

"त्याला काय सांगायचं? स्टोव्हच ना?"

 अस्मिता बाकावर जाऊन बसली. दुखण्यानं डोळे भरून येत होते, पण ती उठली नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी कार्डाचं न विचारता मलमपट्टी केली. पुढं ऑपरेशन लागेल म्हणाल्या, आणि त्यासाठी कंपनीचा अपघाताचा रिपोर्ट आणायला सांगितलं. तोवर शेठ सटकला होता.

पाळी सुटल्यावर वैष्णवी धावत आली. "येडी हाईस का तू? हे घे कार्ड, शेठनं परत आणून दिलंय. बोटं जातील तुझी."

"गेली तर कुणाची गेली म्हणायची? तुझी तर सगळी जागेवर हायेत."

"तोंडाला लागू नकोस."

"खरंच विचारतेय. हात वाकडा राहिला, तर भरपाई वैष्णवीच्या नावची. अन् वैष्णवी धडधाकट. म्हंजे कुणालाच न्हाई."

 वैष्णवी कार्ड परत पर्समध्ये टाकत म्हणाली, "आजपासनं हे कुणाला मिळायचं न्हाई. मलाबी कधी खराखुरा टायफॉइड हुईल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगच्या पोरी अपघाताचा रिपोर्ट मागत, काम बंद करून मशीनजवळ मांडी घालून बसल्या. मॅनेजरसाहेब खाली आले. ती पोरगी आमची नाही, ठेकेदाराची आहे, म्हणाले.

वैष्णवी उठून उभी राहिली. "मशीन कुणाचं, साहेब?"

"कंपनीचं."

"मग त्यात सापडलेला हातबी कंपनीचाच धरा."

दुपारपर्यंत रिपोर्ट निघाला. साहेबाला पाझर फुटला असं समजू नका, गेटवर माल न्यायला ट्रक उभा होता. ठेकेदाराच्या माणसालाही विमा लागू असतो, आणि कामावरच्या अपघाताला तर तो पहिल्या दिवसापासून लागू असतो, हे साहेबाला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या महिन्यात पॅकिंगच्या सगळ्या पोरींची नावं विम्यात चढली. अस्मिताचं ऑपरेशन तिच्या स्वतःच्या नावानं झालं. दोन बोटं पुन्हा हलू लागली, मधलं अजून मिटत नाही. त्या बोटाच्या भरपाईची तिची झुंज चालू आहे, आणि त्या कागदांवर आता स्टोव्ह कुठंच नाही.

तुम्ही नुकतेच कमवायला लागला असाल, तर एवढं करा. कारखान्यात असाल तर पहिल्याच पगाराला कार्ड मागा, तुमच्या स्वतःच्या नावाचं. कार्ड लागू नसलेल्या लहान दुकानात, ऑफिसात असाल, तर दारात आलेल्या जयप्रकाशला नुसता चहा पाजून वाटेला लावू नका, त्याच्याकडचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि कुणी मैत्रीण तुमचं कार्ड उसनं मागायला आली, तर ते देऊ नका. तिचा हात धरा आणि तिला तिच्या मालकाच्या दारात घेऊन जा.