पलीकडच्या काठाकडे पाहणारे नाना

माणसांविषयी लिहावे इतके माझे वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्याशी मी बरा वागलो नाही. तरी वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

नाना धुळ्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. दिवाळी सरली की ते आमच्या गावी येत, मारुतीच्या देवळात पथारी टाकत आणि उजाडताच दुर्बीण घेऊन तलावावर बसत. डाव्या खिशात ज्वारीचे दाणे. दहा बदके मोजली की एक दाणा उजव्या खिशात जाई. शेवटी दाणे मोजून वहीत आकडा लिहीत.

गाव हसत असे. बेचाळीसच्या हिवाळ्यात ते हसू थांबले. चळवळीत तारायंत्राच्या तारा तोडल्याबद्दल पोलीस माझ्या थोरल्या भावाला, सुकदेवभाऊला, शोधत होते आणि तो तलावापलीकडच्या बाभळींत लपला होता.

"बदके मोजाले धुळाथीन कोन येस? खबऱ्या शे हाऊ," आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "तू शिकेल शेस. जाय, त्यानी वही दखी ये."

कॉलेज बंदच होते. मी गेलो.

"या कॉलेजवाले, बसा," नाना म्हणाले. "पण उद्या हा पांढरा सदरा नको. पक्षी आधी आपल्याला पारखतात, मग आपण त्यांना."

वहीत बदकांखेरीज काही नव्हते. मला तेच खटकले. आणि दर सकाळी त्यांची दुर्बीण बाभळींपाशी येऊन थबके.

चौथ्या दिवशी त्यांनी आपण होऊन ती माझ्या हाती दिली. "चक्रवाकांची जोडी दिसते का?"

जोडी दिसली. तिच्यामागे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, माझा भाऊ दाढी खाजवत बसला होता. मी दुर्बीण तिथून हलवलीच नाही. नानांनी दुर्बीण हळूच काढून घेतली. "पुरे आता. थंडी फार आहे," एवढेच म्हणाले.

म्हणजे त्यांना ठाऊक होते! मी धावत घरी येऊन सांगितले. दुपारच्या आत पंचांनी त्यांची वळकटी बैलगाडीत टाकली. "आते या गावमा पाय ठेवू नका," आबांनी बजावले. नानांनी माझ्याकडे पाहिले. "मला विचारायचं होतंत हो," ते म्हणाले.

भाऊला त्याच दिवशी दुसरीकडे हलवले. पोलीस गावात आलेच नाहीत. "बरं झालं, येळवर हाकला," आबा म्हणत.

यंदा वॉरंट रद्द होऊन भाऊ उजळ माथ्याने घरी आला, तेव्हा धीर करून मी धुळ्याला नानांचे घर शोधले. दारात त्यांचा पुतण्या होता. त्याने शांतपणे सांगितले. गावाने एवढ्या घाईने हाकलले, म्हणजे म्हाताऱ्याने काही तरी पाहिले असणार, असा पोलिसांनी तर्क केला. अकरा दिवस कोठडीत ठेवले. नानांचे उत्तर रोज एकच: "त्या काठाला बदकं निवांत बसतात, साहेब. माणूस असता तर बसली असती का?"

सुटले ते छातीत कफ घेऊनच. त्या हिवाळ्यातली संक्रांत त्यांनी पाहिली नाही.