मास्तरांच्या डब्याची नोंद

मीटरसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचून ते निवृत्त झाले, म्हणून गल्लीने ठेवलेलं. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता, आणि हे ते अंदाजे आठवड्यातून दोनदा सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर नंबर चिकटवायला घेतले, तेव्हा बायकोनेच त्यांना कोपऱ्यावरच्या डबाघरात नेऊन सोडलं. तिथून गंभीर आजाऱ्यांना रोज फुकट जेवण जाई. डबाघर चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत आणि घाबरत.

नियम छापील होते. डबा साडेअकराला पोचवायचा, जेवण होईपर्यंत थांबायचं, किती खाल्लं ते तक्त्यात लिहायचं. डबा तीनदा भरलेला परत आला की नाव कमी. रांगेत इतर आजारी होतेच.

साहेबांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचे टेलरमास्तर आले. पोटाचा कॅन्सर, घरात एकटे, शिलाई मशीनवर औषधांच्या बाटल्या. पहिले दोन दिवस मास्तरांनी मऊ भाताला चमचाही लावला नाही. मात्र साहेबांच्या शर्टाची कॉलर कोणी बिघडवली, यावर तासभर बोलले. तिसऱ्या दिवशीही डबा बाजूला सारून म्हणाले, "आता नाव कापणार ना माझं? बरं झालं. तुमची ती पँट रोज बघवत नाही."

साहेबांनी डबा उचलला. खुर्ची ओढून बसले आणि मीठ नसलेला तो भात, उकडलेला भोपळा, सगळं शेवटच्या शितापर्यंत खायला लागले. समोर कोणी जेवतंय हे बघून मास्तरांनीही दोन चमचे घेतले. तक्त्यात साहेबांनी लिहिलं, पूर्ण संपला. नोंद खोटी होती, पण अक्षर सुवाच्य आलं.

असं सात आठवडे चाललं. घरी बायको ताट वाढून बसे आणि साहेब भूक नाही म्हणत. कोणाच्या हातची चव लागलीय, असं ती विचारी. त्या चवीबद्दल ते बिचारे काय सांगणार?

मग एका शुक्रवारी मोठ्या बाईंनी बोलावून शाबासकी दिली. इतकं जेवणारा आजारी यादीत दुसरा नाही, मास्तर चांगलेच सुधारले, सोमवारपासून त्यांचा डबा जास्त गरजूला देऊ, म्हणाल्या.

साहेबांनी ही बातमी सांगितली तेव्हा मास्तर उशीला टेकून बसले होते. टाचणीसारखे झाले होते. "म्हणजे जेवलात तुम्ही आणि बरा झालो मी," ते म्हणाले. हसता हसता ठसका लागला. तो थांबल्यावर भिंतीकडे बघत म्हणाले, "आता साडेअकराला कोणाची वाट बघायची नाही म्हणायचं."

साहेब तसेच डबाघरात परतले आणि उभ्याउभ्याच सगळं कबूल केलं. बाईंनी सात आठवड्यांचे तक्ते पुढे ओढले.

"म्हणजे मास्तर काहीच खात नाहीत?"

"दोन चमचे. तेही मी समोर जेवत असलो तर."

स्वयंसेवकाने आजाऱ्याचं अन्न खाणं नियमात बसत नव्हतं, आणि नियम मोडणं बाईंच्या स्वभावात बसत नव्हतं. शेवटी त्यांनी आजाऱ्यांच्या नोंदणीचा एक कोरा अर्ज काढला आणि वर साहेबांचं नाव लिहिलं.

"एका पत्त्यावर दोन आजारी असू शकतात," त्या म्हणाल्या. "रोग कोणता लिहू?"

साहेब विचारात पडले. पुन्हा खोटी नोंद करायची नव्हती. "रक्तदाब लिहा," ते म्हणाले. "पण हल्ली तो बराच उतरलाय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ते कुठे बोलू नका. तुमचंही नाव कापावं लागेल."

सोमवारी दोन डबे बघून मास्तरांनी विचारलं, दुसरा आजारी कोण? कळल्यावर पुन्हा ठसका लागला. त्या दिवशी ते अडीच चमचे जेवले. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. साहेबांनी ते समासात लिहिलं.