ओझरचं दुपटं
सोमवारी सकाळी वडील गेले. दहाव्यानंतर मी त्यांच्या शिलाई मशीनचा खण उघडला, तर चिकटपट्टीचा वास आला आणि ओझरची ती दुपार आठवली. त्यांनी शिवलेली बाळांची दुपटी मी आमच्या नारायणगावच्या घरातून ऑनलाइन विकत असे. किमतीत कापड, खोका, कुरिअर सगळं धरायचं आणि माल कुरिअरनेच पाठवायचा, नाहीतर वेबसाइटवाले आपलं ऑनलाइन दुकान बंद करतात, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. तरी त्या दुपारी जवळच्याच ओझरच्या ग्राहक बाईंचा फोन आला. "तुमचे वडील दुपटं घेऊन आलेत. कुरिअरचे पैसे त्यांनी बाळाच्या मुठीत ठेवले, बघा!" मागून वडिलांचा आवाज आला, "अगं, पार्सल आधी पुण्याला जाणार, मग माघारी ओझरला येणार. तवर पोरगं रांगायला लागंल की!" तिथे सगळे हसले. मला मात्र लाज वाटली. "आण्णा, तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. आधी घरी या," मी म्हणाले, आणि तिकडचं हसू एकदम थांबलं. फोन स्पीकरवर होता. संध्याकाळी ते जीपमधून उतरले, खोक्यावरचं न वापरलेलं लेबल माझ्या हातात देत म्हणाले, "चुकलं बाई माझं." त्यानंतर प्रत्येक खोक्याला पट्टी लावली की ते विचारायचे, "आता बराबर हाय ना?" त्या चुकीने दुकान बंद झालं नाही. ते आजही सुरू आहे. त्यात विकायला एकही दुपटं नाही.